आत्मारामचं नाव

"ज्यानं ते नाव पुसलं, तो आजही उजळ माथ्यानं फिरतोय!"

हरिश्चंद्रकाकांनी जाळ्याची सुई खाली आपटली. मिरकरवाड्याच्या जेटीवर अंधार पडला होता. जाळी दुरुस्त करायला बसलेली पोरं दचकली.

"काका, तुम्ही भुताची गोष्ट सांगणार होतात," रितेश म्हणाला.

"तीच सांगतोय मेल्या. माझ्या भाच्याच्या, विनीतच्या बाबतीत घडलेली."

विनीत मिरजोळ्याला केबलच्या कंट्रोल रूममध्ये होता. साऱ्या शहराच्या केबलचा सर्व्हर तिथं आणि त्याच्या सगळ्या सेटिंग एकाच फाइलीत. फाइल एक, हात दहा. म्हणून लाइनमन लोकांनी एक रीत पाडली होती. खांबावर चढण्याआधी मोबाइलवर ती फाइल उघडायची आणि आपल्या भागापुढे नाव लिहायचं. नाव आहे तोवर त्या लाइनची वीज बंद. खाली उतरल्यावर ज्याचं नाव त्यानंच पुसायचं. दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

गेल्या वर्षी आत्माराम नावाचा लाइनमन इथल्याच खांबावर चढला. टीव्हीवर क्रिकेटची फायनल होती, लोक ऑफिसात फोन करून शिव्या घालत होते. कोणीतरी नाव पुसलं. वीज आली. आत्माराम खाली...

आणि केबलचा मालक काय म्हणाला? "नाव लिहायलाच विसरला. चूक त्याचीच."

त्याची बायको मालन ऑफिसच्या पायरीवर उभी राहून सांगत होती, "नाव लिहिल्याशिवाय त्यांनी कधी शिडीवर पाय ठेवला नाही." कोणी मान वर केली नाही. विनीतच्या मस्तकात तिडीक गेली. पण पुरावा कुठे होता?

आत्मारामच्या तेराव्याची रात्र. विनीत एकटाच ड्यूटीवर. मालकाचा फोन आला, "मिरकरवाड्याची लाइन गेलीय, चालू कर." रोजचंच काम. त्यानं फाइल उघडली.

मिरकरवाडा: बंद. पुढे नाव: आत्माराम.

"मेलेल्या माणसाची थट्टा करता?" तो रिकाम्या खोलीत ओरडला. संतापानं त्यानं नाव पुसलं. फाइल पुन्हा उघडली.

आत्माराम.

परत पुसलं.

आत्माराम.

मग त्याला नावापुढची तारीख दिसली. ती सर्व्हर आपोआप घालतो. आजची नव्हती. आत्माराम पडला, त्या दिवसाची होती.

बाहेर भिंतीला शिडी टेकली. टक्.

एक पायरी वाजली... दुसरी... वर... आणखी वर...

मग काहीच नाही.

फोन वाजला. मालक. आवाज कापरा. "ते नाव... पुसलंस का?"

नावाबद्दल विनीत कोणाशीच बोलला नव्हता.

"कुठलं नाव, शेठ? तो तर लिहायला विसरला होता ना?"

"विनीत, पूस ते!"

"ज्याचं नाव त्यानंच पुसायचं," विनीत म्हणाला. "मी पुन्हा हात लावणार नाही." आणि त्यानं फोन आपटला.

पहाटे मिरकरवाड्यातले टीव्ही लागले. नाव असताना वीज येतच नाही. पण आली. आणि नाव तसंच. मालकानं मुंबईहून माणूस आणला, सर्व्हर बदलला. नाव अजून तिथंच आहे, त्याच तारखेसकट.

पोरांनी वर खांबाकडे पाहिलं. पलीकडे टोपल्या धुणारी गोदा इतका वेळ ऐकत होती. तिनं पदराला हात पुसले.

"राहू दे तिथंच," ती म्हणाली. "लिहिलंन होतं ना त्यानं!"