जाताना काय काय नेशील?

एका हातात लाकडी राजकन्येचा पाय, ओठांत सुई, अन् मी पडद्यामागून धावत सुटले... तो दारातून आत येत होता. धडकलेच!

"सुई गिळली नाहीत ना?" त्यानं घाबरून विचारलं.

सुई त्याच्या बाहीत अडकली होती.

"मी नवा दिवेवाला."

"असाल! आमचा आवाज गेलाय."

"तुमचा तर ठणठणीत आहे."

"बाहुल्यांचा हो! आत्ता खेळ सुरू होईल, नि ढग गडगडतच नाहीत!"

आमच्या बाहुलीघराचे सगळे आवाज आत्याच्या जुन्या संगणकात होते. त्यात लिनक्स ही प्रणाली. दिवेवाल्यानं पॅकेज मॅनेजरची, म्हणजे प्रोग्रॅम घालण्या-काढण्याची, खिडकी उघडली. एकाखाली एक प्रोग्रॅमची नावं, प्रत्येकापुढे इवलीशी चौकट.

"सकाळी काही काढलंत?"

"एकच! उगीच जागा अडवून बसलं होतं..."

"त्याच्याच खांद्यावर सगळा आवाज उभा होता. काढण्याआधी ही खिडकी सांगते, ह्याच्याबरोबर आणखी कोण कोण जाईल. वाचलंत?"

"मी... 'ठीक आहे' दाबलं."

तो हसला. गालात, डोळ्यांत, थोडा माझ्याकडे. गेलेल्यांच्या चौकटींवर पुन्हा खुणा केल्या, 'लागू करा' दाबलं. हिरवी पट्टी सरकत गेली, सरकत गेली – आणि असा गडगडाट झाला की आत्या किंचाळली, "अगं, छप्पर पडलं की काय!"

त्या दिवसापासून दिव्यांना रंग चढला. मी दोरी ओढावी, त्यानं उजेड सोडावा. मी रुसावं, त्यानं माझ्यावर निळा झोत टाकावा. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, कळलंच नाही.

आणि आज खेळाआधी तो म्हणाला, "मोठ्या नाटकघरानं बोलावलंय. दूरच्या गावी."

माझ्या हातून राजकन्या निसटली.

"जा की! पण... आधी वाच तरी."

"काय?"

"तुझ्याबरोबर काय काय जाईल ते. पडद्यामागची ती बेसूर शीळ. आत्याचं खो खो हसणं. चहात दोनदा साखर घालणारा वेंधळेपणा. आणि—"

"आणि?"

"...मी. म्हणजे असेन रे इथंच. पण त्या दिवशीच्या संगणकासारखी. सगळं जागच्या जागी, अन् आवाज नाही."

त्यानं राजकन्या उचलली. मग हळूच म्हणाला, "मी कधीच वाचलंय, वेडे. म्हणून तर त्यांना अजून होकार दिला नाही. तू एकदा म्हणावंस, एवढीच वाट बघत होतो."

"मग म्हणते – रद्द कर!"

"अरे, काय कुजबुज चाललीय?" पडद्यापलीकडून आत्या. "लोक येऊन बसलेत!"

"ढग तपासतोय, आत्या!" म्हणत त्यानं कळ दाबली. ढग गडगडले. त्या गडगडाटात माझ्या कानाशी वाकून तो काय बोलला, ते आत्याला मुळीच ऐकू गेलं नाही.

मला गेलं.