गाठ पडली?

दाताचा डॉक्टर ती गाडी घेऊन आला तेव्हा मी मागे नळावर हात धूत होतो. त्याच्याशी बोलणं वहिनींनी केलं आणि तिथेच घोळ झाला. मी पुढे आलो तोवर किल्ली टेबलावर होती, डॉक्टर निघून गेला होता आणि वहिनींनी चिठ्ठीवर लिहून टाकलं होतं : टायमिंगचा पट्टा बदलणे.

"आपण पट्ट्याचं काम घेत नाही," मी म्हटलं.

"घेत नव्हतो. तीन वर्षं झाली, भाऊजी. कधीतरी सुरुवात करायलाच हवी."

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. उंचीने जेमतेम पाच फूट, पण एकदा हो म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी नाही म्हणायच्या नाहीत. दादा गेल्यावर महिन्याभरात त्या घरातून उठून गॅरेजमध्ये आल्या, आधी कागद सांभाळले, मग पाने हातात घेतले. आज चार मेकॅनिक त्यांच्यापुढे पाणी भरतील.

गॅरेज छापखान्याच्या मागे आहे. दोन गाड्या मावतात, तिसरी आणायची तर एकीला बाहेर उन्हात काढावं लागतं. त्या दिवशी डावीकडे बेकरीची व्हॅन चार लोखंडी घोड्यांवर चढवलेली होती आणि तिच्याखाली माझी चाकांची फळी पडलेली होती, जिच्यावर आडवा होऊन मी गाडीखाली सरकतो. उजवीकडे डॉक्टरची गाडी लागली. पांढरी, दोनच सीटची, बुटकी, दिवे झाकणाखाली लपवणारी. तिशी ओलांडलेली, पण नखरा जायचं नाव नाही. डॉक्टरने ती एका म्हाताऱ्याकडून घेतली होती आणि पट्टा शेवटचा कधी बदलला ते म्हाताऱ्यालाही आठवत नव्हतं.

हे पट्ट्याचं प्रकरण सांगितलं पाहिजे. इंजिनाचा खालचा भाग आणि वरचा भाग हा एकच दातेरी रबरी पट्टा एकत्र फिरवतो. खाली पिस्टन वर येतो तेव्हा वरच्या झडपांनी बाजूला व्हायचं असतं. पट्टा एक-दोन दाते जरी सरकला तरी दोघे एकमेकांवर आदळतात आणि चालत्या गाडीचं इंजिन जागच्या जागी जखडतं. म्हणून आमच्या गॅरेजचा नियम दादाने घालून दिला होता. खालच्या आणि वरच्या पुलीवर खुणा करायच्या. एकाने खालून वर दाते मोजायचे, दुसऱ्याने वरून खाली, आकडा एकच यायला हवा. मग किल्लीला हात न लावता पान्याने इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवायचं आणि खुणा परत समोरासमोर येतात का ते डोळ्यांनी बघायचं. त्यानंतर एकाने ड्रायव्हरच्या सीटवर बसून विचारायचं, "गाठ पडली?" दुसऱ्याने खुणा बघून म्हणायचं, "पडली." मगच किल्ली फिरवायची. "उंटावरून शेळ्या हाकू नकोस, बारक्या," दादा म्हणायचा. "उठून बघ आणि मग बोल." मला बारक्या म्हणणारा तो एकटाच होता.

तीन वर्षांपूर्वी अशीच एक गाडी आली होती. हिरवी. पट्टा मी बसवला, दाते मी एकट्यानेच मोजले आणि फेरे नंतर देऊ म्हणून दुसऱ्या गाडीखाली शिरलो. दुपारची वेळ होती, अंग जड झालं होतं. दादा आला, लांब पायांसाठी नेहमीसारखी सीट पार मागे ढकलून हिरव्या गाडीत बसला आणि त्याने विचारलं, "बारक्या, गाठ पडली?"

मला उठायचा कंटाळा आला. मी खालूनच म्हटलं, "पडली."

पाण्याच्या टाकीपर्यंत चढ आणि परत उतार, ही आमची चाचणीची चक्कर. नऊ मिनिटं लागतात. उताराच्या तळाशी वळण आहे आणि वळणावर भिंत. चौकशीच्या कागदावर 'अतिवेग' असं लिहिलं गेलं. दादाचा पाय जडच होता, त्यामुळे सगळ्यांना ते पटलं. वहिनींनाही पटलं. मी काही बोललो नाही. भंगारवाल्याने हिरवी गाडी चेपून तिचा ठोकळा केला, तोही मी उभा राहून पाहिला. तेव्हापासून मी ताकही फुंकून पितो आणि पट्ट्याला हात लावत नाही.

दहाच्या सुमाराला आम्ही पांढऱ्या गाडीचं झाकण उघडलं. पट्टा जुनापुराणा, पाठीवर बारीक भेगा पडलेला. त्याच्यावर कोणीतरी आधी केलेल्या खुणा होत्या. वर दोन ठिपके, खाली एक आडवी रेघ. गुलाबी.

वहिनी वाकल्या आणि बराच वेळ वाकूनच राहिल्या.

"हे नखांना लावायचं पॉलिश आहे," त्या म्हणाल्या.

"असेल. हाताला लागेल ते वापरतात लोक."

"माझ्या बाटल्या पळवायचे ते. दोन ठिपके आणि एक रेघ."

दादा उमेदवारीच्या काळात दहा ठिकाणी राबला होता, एखादी जुनी गाडी त्याच्या हाताखालून गेलेली असू शकते, असं मी म्हटलं. माझं मलाही ते पटलं. मग खात्री करायला मी रेघेवरून अंगठा फिरवला. अंगठा गुलाबी झाला. पॉलिश ओलं होतं. रॉकेलने अंगठा पुसला आणि वहिनींना ते सांगितलं नाही.

नवा पट्टा शेजारी ठेवला, खुणा उतरवल्या, पट्टा चढवला आणि मोजणी सुरू केली. वहिनींनी वरून खाली मोजले. त्रेचाळीस. मी खालून वर मोजले. बेचाळीस.

"दाताच्या डॉक्टरचीच गाडी, एखादा उपटून नेला असेल," मी म्हटलं. वहिनी हसल्या नाहीत.

पुन्हा मोजले. त्यांचे त्रेचाळीस, माझे बेचाळीस. जागा बदलल्या. त्या खालून, मी वरून. त्यांचे त्रेचाळीस, माझे बेचाळीस. प्रत्येक दात्यावर खडूचा ठिपका ठेवत मोजले. ठिपके त्रेचाळीस होते, हे मला दिसत होतं. तोंडाने मोजताना मात्र शेवटी बेचाळीसच यायचे. पाच वेळा झालं. छापखान्याचं यंत्र जेवणाच्या सुट्टीसाठी थांबलं आणि पत्र्याखाली एकदम शांत झालं.

"तुम्हाला झोप आली असेल, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "मी त्रेचाळीस मोजलेत ना? मी बसते गाडीत. तुम्ही फेरे द्या आणि खुणा बघा."

मी पाना खालच्या पुलीच्या बोल्टवर बसवला. झाकणाचा एक छोटा बोल्ट हरवू नये म्हणून ओठांत धरला, ती माझी जुनी सवय. वहिनी आत बसल्या, सीट पार पुढे ओढून घेतली आणि दार लावलं. मी पहिला फेरा द्यायला लागलो. पाना फार हलका फिरत होता. इंजिन फिरवताना मध्ये जोर लागतो, हाताला ते ठाऊक असतं. इथे जोर लागतच नव्हता. पान्याचं दुसरं टोक कोणीतरी धरल्यासारखं वाटत होतं.

मी थांबलो. फेरा अर्धवट राहिला होता.

आतून वहिनींनी विचारलं, "गाठ पडली?"

"पडली."

आवाज व्हॅनच्या खालून आला. जरा दबलेला, आळसावलेला. माझा आवाज.

माझ्या ओठांत बोल्ट होता.

काचेतून वहिनींचा हात किल्लीकडे जाताना दिसला. मी बोल्ट थुंकला आणि ओरडलो, "नको! हात काढा, वहिनी!"

त्यांनी हात काढला. हळूच दार उघडून त्या बाहेर आल्या. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग व्हॅनकडे.

"तुम्ही तर इथे आहात," त्या म्हणाल्या.

आम्ही दोघांनी वाकून पाहिलं. व्हॅनखाली कोणीही नव्हतं. चाकांची फळी तेवढी थोडी पुढेमागे होत होती. मग ती थांबली.

मी तिथेच जमिनीवर बसलो आणि तीन वर्षांत जे बोललो नव्हतो ते सगळं बोललो. फेरे दिले नव्हते. खुणा बघितल्या नव्हत्या. दादाने रीतसर विचारलं होतं आणि मी दुसऱ्या गाडीखालून खोटं सांगितलं होतं. तो वेगात नव्हता. त्याला मी मारलं.

वहिनी व्हॅनला टेकून उभ्या होत्या. रडल्या नाहीत.

"तीन वर्षं मी त्यांना शिव्या घातल्या," त्या म्हणाल्या. "रोज. घाई नडली, जिवाची पर्वा नव्हती, बायकोची नव्हती. फोटोपुढे उभं राहून शिव्या घातल्या मी."

मी थुंकलेला बोल्ट जमिनीवरून उचलून मुठीत धरला.

"उठा," त्या म्हणाल्या. "मोजा. मोठ्याने मोजा, मला ऐकू येऊ दे."

मी मोजले. त्रेचाळीस आले. पान्याने दोन फेरे दिले, हाताला नेहमीसारखा जोर लागला. खुणा समोरासमोर आल्या. वहिनींनी बॅटरी धरून स्वतः बघितलं. मग त्यांनी विचारलं, मी उठून, बघून उत्तर दिलं. इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं, एका लयीत, कुठे खडखड नाही.

"चक्कर मी मारून येतो," मी म्हटलं.

"नाही. मी जाते. त्यांची चक्कर अर्धी राहिलीय."

मी अडवायला हवं होतं. कोणत्या तोंडाने अडवणार होतो? पांढरी गाडी छापखान्याच्या कोपऱ्यावरून वळली आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभा राहिलो.

नऊ मिनिटं झाली. पंधरा झाली. वीस मिनिटांनी मी टाकीच्या दिशेने चालायला लागलो आणि पाचपन्नास पावलांवरून परत आलो. त्या वळणावर काय दिसेल ते बघण्याची हिंमत माझ्यात नव्हती. देवाला मी कधी हाक मारत नाही, त्या दिवशी मारली.

सव्वीस मिनिटांनी इंजिनाचा आवाज आला. गाडी सावकाश आत येऊन उभी राहिली. कुठे ओरखडाही नव्हता. जीव भांड्यात पडला.

उन्हाची तिरीप काचेवर होती, आतलं नीट दिसत नव्हतं. दार उघडलं ते पलीकडचं, ड्रायव्हरच्या शेजारचं. वहिनी तिकडून उतरल्या. केस वाऱ्याने विस्कटले होते आणि चेहरा इतका शांत होता की मी तो तीन वर्षांत तसा पाहिला नव्हता.

"कशी चालते?" मी विचारलं.

"गाठ पडली," त्या म्हणाल्या.

"ते आधी विचारायचं असतं, वहिनी. आता—"

त्यांनी माझा हात ओढून तळव्यावर किल्ली ठेवली. किल्ली गार होती.

"बारक्याला पाठव म्हणालेत," त्या म्हणाल्या आणि मागे जाऊन नळावर हात धुवायला लागल्या.

मी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. सीट अगदी शेवटच्या खाचेपर्यंत मागे सरकवलेली होती. तिथून वहिनींचे पाय पेडलपर्यंत पोचत नाहीत. मी बसून बघितलं. माझेही पोचत नाहीत.