सातपूरची बस आणि सात अक्षरं

कंपनीच्या बसमध्ये शेजारच्या सीटवरचा मुलगा फोनशी भांडत होता. अगदी हळू आवाजात, पण भांडतच होता. वल्लरीने आधी खिडकीबाहेर पाहिलं, मग राहवेना म्हणून तिरक्या नजरेने त्याच्या फोनकडे. पडद्यावर इंग्रजी अक्षरं गोल मांडलेली होती – सी, ओ, एन, आर, ए, आय आणि मधोमध टी. त्यांतून जमतील तेवढे शब्द शोधायचे, असा तो खेळ. तीही रोज खेळायची. हा पठ्ठ्या मात्र पुन्हा पुन्हा 'ऑनियन' लिहीत होता, आणि फोन पुन्हा पुन्हा नकार देत होता.

"मधलं अक्षर शब्दात असावंच लागतं," ती शेवटी म्हणाली. "तुमच्या ऑनियनमध्ये टी कुठाय?"

"मी सायखेड्याचा," तो गंभीरपणे म्हणाला. "कांद्याला नाय म्हणणारा खेळ पहिल्यांदाच बघतोय."

"मग ट्रॅक्टर लिहा. एक अक्षर दोनदा चालतं."

ट्रॅक्टर चालला. तो हसला... आणि हसल्यावर बरा दिसतो, हे वल्लरीच्या उगाचच लक्षात राहिलं.

त्याचं नाव महेश. तो टूलरूममध्ये, ती खरेदी विभागात. कंपनीत एकमेकांचं तोंडही दिसायचं नाही. म्हणून जे काही होतं ते निमाणीच्या थांब्यापासून सातपूरपर्यंतच्या बसमध्ये. तिच्या फोनवर दोघं मिळून शब्द शोधायचे. अक्षरं रोज बदलायची, पण सगळ्या फोनवर तीच असायची, आणि सातही घेणारा एक मोठा शब्द त्यांत लपलेला असायचा. तो सापडला की त्या दिवसाचा खेळ संपला. हळूहळू 'तुम्ही'चं 'तू' झालं, आणि दिवाळीनंतर तर शेजारची जागा दोघांसाठी आपोआप रिकामी राहू लागली. बसला सगळं कळत होतं. न कळल्यासारखं करणारी दोघंच होती.

वल्लरीचं एक गुपित होतं. ती सगळे शब्द सकाळी घरीच सोडवून टाकायची, तेही बाबांच्या फोनवर, म्हणजे आपला फोन कोराच राहतो. मोठा शब्द लवकर सापडला तर महेश गप्प बसेल, बाहेर बघत बसेल, या भीतीने तिने ही युक्ती काढली होती. तो अडला की हलकेच एखादं अक्षर सुचवायचं, स्वतः कपाळाला आठ्या घालून विचार करायचा, आणि मोठा शब्द सातपूर आल्यावरच काढायचा. बाबा, म्हणजे रामकुंडावर पूजा सांगणारे वेणीमाधव गुरुजी, तोवर देवपूजेत असायचे. यजमानांसाठी घेतलेल्या फोनवर मुलगी काय करते, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

आणि मग कंपनीने बस बंद करायचं ठरवलं. सोमवारपासून ज्याने त्याने आपापलं यायचं. वल्लरीला आठवडाभर जेवण गोड लागलं नाही. महेशला काहीच कसं वाटत नाही, याचा तिला राग येत होता, आणि आपण काही बोलत नाही याचा त्याहून जास्त.

शेवटच्या शनिवारी तो बसमध्ये चढला तो एकदम मुका. तिच्याकडे बघायचा, तिच्या हातातल्या फोनकडे बघायचा, नजर चुकवायचा. तिने एक-दोनदा बोलून पाहिलं. तो नुसतं "हं" म्हणाला. निदान खेळू तरी, म्हणून तिने खेळ उघडला – आणि तिचा हात जागच्या जागी थांबला. सगळे शब्द आधीच सापडलेले होते. मोठासुद्धा.

घाईत ती बाबांचाच फोन उचलून आली होती. एकाच दिवशी घेतलेले, एकसारखे काळे फोन.

तिचा चेहरा लाल झाला. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मग तिने सरळ सांगून टाकलं, घरी सोडवून येण्यापासून आठ्या घालण्यापर्यंत सगळं.

"ते माहीतय मला," महेश म्हणाला. "मोठा शब्द रोज सातपूरच्या आयटीआय सिग्नललाच कसा सापडतो गं तुला? मी बोललो असतो तर तू थांबवलं असतंस. म्हणून गप्प बसलो." मग त्याने पुन्हा त्या फोनकडे पाहिलं, आणि त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "म्हणजे... हा फोन तुझा नाय?"

"बाबांचा आहे. का?"

"सकाळी एसटीतून तुला मेसेज टाकला होता. मला वाटलं, तू वाचलास नि उत्तर द्यायचं टाळतेयस."

काय मेसेज, हे विचारायच्या आतच फोन वाजला. अनोळखी नंबर, कुणी यजमान असतील म्हणून तिने उचलला. पलीकडे बाबाच होते, यजमानांच्या फोनवरून बोलत होते.

"वल्लरी, माझा फोन तुझ्याकडे आहे का?" त्यांनी विचारलं. ती हो म्हणाल्यावर ते पुढे म्हणाले, "तुझा माझ्याकडे आलाय, तो काही उघडेना, पण वरच निरोप दिसतोय कुणा महेशचा. चष्मा घरी राहिला, म्हणून यजमानांनीच वाचून दाखवला. चारचौघांत."

मंत्र म्हणावेत तशा स्पष्ट आवाजात त्यांनी तो म्हणून दाखवला, आणि तो शेजारी बसलेल्या महेशलाही ऐकू आला. सोमवारपासून माझ्या गाडीवर येशील का? एका दिवसापुरतं नाही, जन्मभर.

महेशने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"कुठला आहे?" बाबांनी विचारलं.

"सायखेड्याचा. शेतकऱ्याच्या घरातला." बाबांच्या घरात आजवर कुणी आपल्या मनाने लग्न ठरवलं नव्हतं, आणि ते आता काय म्हणतील, तिला ठाऊक नव्हतं.

पलीकडे रामकुंडावरच्या गलक्यात कुणीतरी गुरुजींना हाक मारली.

"यजमान खोळंबलेत," बाबा म्हणाले. "ते उत्तर विचारतायत. मीही विचारतोय. काय सांगू?"

वल्लरीने महेशकडे पाहिलं. बोटांच्या फटीतून तो तिच्याकडेच पाहत होता.

"हो सांगा, बाबा."

"बरं," ते म्हणाले. "मग संध्याकाळी त्याला घरी आण. तोंडाने विचारता येतं का, ते बघू दे मला."