मूकपटातला कांदा

अख्खं थिएटर हुंदके देत होतं, आणि माझ्या शेजारचा माणूस खो खो हसला.

पडद्यावर लिओनोरा व्हेल, आमच्या हॉलिवूडची सगळ्यात लाडकी नायिका, सफरचंदाच्या झाडाखाली नायकाचा शेवटचा निरोप घेत होती. ऑर्गन रडत होता. तिसऱ्यांदा बघत असूनही माझा रुमाल भिजला होता! मी त्या माणसाला "श्श!" केलं. ढिम्म. मग कोपराने ढोसलं. तेव्हा कुठे तो वळला, खिशातून छोटी वही काढली, पडद्याच्या उजेडात काहीतरी खरडलं आणि ती माझ्या हातात दिली.

'माफ करा. मला ऐकू येत नाही, पण ओठ वाचता येतात. ती म्हणतेय – मेल्या, आजही कांदा खाऊन आलास!'

मी पडद्याकडे पाहिलं... आणि मलाही हसू फुटलं. त्याच वहीत लिहिलं, 'आणि तो काय म्हणाला?'

'माझ्या पायावरचा पाय काढ.'

मागच्या बाईंनी आम्हा दोघांनाही हातातल्या पंख्याने टोचलं. आणि हसता हसता मी एकदम थांबले. हा माणूस कोण, ते मला कळलं होतं. लिओनोराला पत्रातून असल्या गमती कळवणारा एकच होता – एमेट कोल्बी, छापखान्यात टाइपाचे खिळे जुळवणारा. आणि गेले आठ महिने त्याला उत्तरं मी लिहीत होते.

मी नेटी. स्टुडिओच्या टपालखोलीत काम करते. तिथे रोज पोती भरभरून पत्रं येतात. कुणी लग्नाची मागणी घालतं, कुणी केसांची बट मागतं, एकाने तर स्वतः विणलेले मोजे पाठवले होते. आम्ही सहा मुली ती फोडतो, लिओनोराच्या अक्षरात उत्तरं लिहितो आणि फोटोंवर तिची सही ठोकतो. तिची सही तिच्यापेक्षा आम्हालाच जास्त चांगली जमते. पण हे बाहेर फुटलं तर त्याच दिवशी घरी, असं आमच्या मुख्य बाई मिसेस प्रॅथर दर सोमवारी बजावतात. माझं घर म्हणजे नेब्रास्का, मेहुण्याचं शेत आणि त्याची डुकरं.

इतरांना आम्ही तीन ओळींत कटवतो. एमेटला मात्र मी चार-चार पानं लिहिली. सही लिओनोराची, बाकी सगळी मीच.

खेळ सुटल्यावर त्याने मला समोरच्या दुकानात आइस्क्रीम सोडा पाजला.

"उजेडाकडे तोंड करून बसा," तो म्हणाला. नवव्या वर्षी तापात त्याचे कान गेले होते; त्याचा आवाज एकाच सुरात चालायचा, पण मला तो आवडला.

"तुम्ही सगळ्यांकडेच असं टक लावून बघता?"

"ओठांकडे बघावंच लागतं. डोळ्यांकडे... ते हौसेने बघतोय."

मी सोड्याच्या ग्लासात तोंड खुपसलं.

"आता काय म्हणालात? ग्लासात बोललात तर मला कसं कळणार?"

"कळू नये म्हणूनच ग्लासात बोलले!"

तो हसला, आणि कोटाच्या आतल्या खिशातून सुतळीने बांधलेला गठ्ठा काढला. माझी पत्रं. कडा पार मऊ झाल्या होत्या.

"तुमचं... हिच्यावर प्रेम आहे?" माझा आवाज कापला. बरं झालं, म्हटलं, याला ऐकू येत नाही.

"ओठही कापतात हं," तो म्हणाला. "जिने ही पत्रं लिहिली तिच्यावर आहे. मला सेंट लुईसला नोकरी मिळतेय, उद्याची गाडी. आज संध्याकाळी लिओनोराच्या नव्या चित्रपटाचा पहिला खेळ आहे. लिहिणारी तिथे असेल, तसं पत्रातच कळवलंय. ती काही बोलली तर राहीन. गप्प बसली तर जाईन."

मी तोंड उघडलं... आणि मिटलं. डुकरं आठवली. भित्री, भित्री, भित्री! "मला कामावर जायचंय," एवढंच म्हणून मी पळाले.

पण चार चौक ओलांडेपर्यंत माझा मलाच राग आला. आठ महिने दुसरीच्या नावाने प्रेम केलं. आज आपल्या तोंडाने बोलायचं. नोकरी गेली तर गेली. डुकरं काय माणसं खातात?

संध्याकाळी थिएटरपुढे मुंगीला शिरायला जागा नव्हती. दोरीपलीकडे पोरी किंचाळत होत्या, फोटोवाले एकमेकांवर चढत होते. लिओनोरा मोटारीतून उतरली तेव्हा तर आभाळ कोसळल्यासारखा आवाज झाला. मी फोटोंची टोपली घेऊन तिच्या मागे, आणि माझ्या कोपराशी मिसेस प्रॅथर.

एमेट पहिल्याच रांगेत होता, हॅट छातीशी धरून. लिओनोरा त्याच्यासमोरून गेली, गोड हसली. त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. तो माझ्याकडे बघत होता.

मी दिव्याच्या उजेडाकडे तोंड केलं. आवाज काढलाच नाही. नुसते ओठ हलवले – पत्रं माझी आहेत. सगळी. जाऊ नकोस.

त्याने भुवया उंचावल्या. पुन्हा?

पत्रं माझी आहेत. जाऊ नकोस, एमेट.

"काय गं पुटपुटतेस?" मिसेस प्रॅथर कानाशी ओरडल्या.

"प्रार्थना म्हणतेय!"

तेव्हा त्याने दुपारची वही उघडून वर धरली. एका बाजूला माझी ओळ – 'आणि तो काय म्हणाला?' शेजारी माझं शेवटचं पत्र. अक्षर तेच! तीन वर्षं लिओनोराचं अक्षर काढून काढून माझं स्वतःचं असं अक्षर उरलंच नव्हतं. अंधारातही हात तसाच वळला होता. खाली त्याने ठळक लिहिलं होतं, 'दुपारीच कळलं. पण तुझ्या तोंडून हवं होतं.'

लबाड! मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. मग त्याने नुसते ओठ हलवले. मला काही कळेना. त्याने पुन्हा सांगितलं, सावकाश. तिसऱ्यांदा वाचता आलं.

आज मी कांदा खाल्लेला नाही.

मी टोपली मिसेस प्रॅथरच्या हातात दिली आणि दोरीखालून वाकून पलीकडे गेले.