बर्फातली मादी

खोटं वाटेल, वाटू दे. माझी मावसबहीण ऋजुता कर्जतला चित्रं काढते, आणि तिच्या घरचा तो कागद मी या डोळ्यांनी पाहिलाय.

गेल्या डिसेंबरातली सकाळ. साजगावजवळ रस्त्याच्या कडेला ऋजुताला बिबट्याची मादी पडलेली दिसली. गाडीने उडवलेली.

जिवंत होती...

"ताई, फॉरेस्टवाल्यांना फोन लावा. माजा मोबाईल घरी हाय," शेतावर निघालेला गजा म्हणाला.

"लावते," म्हणाली बाई. आणि आधी फोटो काढत बसली!

हाव, दुसरं काय? नेरळच्या एका बिल्डरला ऑफिसात लावायला बर्फातल्या बिबट्याचं चित्र हवं होतं. इतक्या जवळून ते ठिपके पुन्हा कधी दिसणार?

फोन लागेपर्यंत मादीने मान टाकली.

"अंगावर दूध होतं हो," फॉरेस्टचा माणूस म्हणाला. "पिल्लं असणार."

ऋजुताच्या काळजात चर्र झालं. तरी चित्र तिने पुरं केलंच. जलरंगात बर्फ रंगवत नाहीत, कागद कोरा सोडतात. मधोमध मादी, बाकी सगळं पांढरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन ती चित्रापाशी आली, आणि...

बर्फात इवले इवले ठसे. कडेपासून थेट मादीच्या पोटापर्यंत.

परतीचा एकही नाही.

तिने बोटाने पुसून पाहिलं. रंग नव्हताच. कागदच दबला होता...

तेवढ्यात फॉरेस्टवाल्यांचा फोन आला. "मॅडम, कारवीच्या झुडपांत एक पिल्लू सापडलं. मेलेलं."

चार दिवसांनी घरात बारीक कुईकुई... आधी मागच्या दारी, मग पलंगाखाली.

मग एकदम गप्प.

चित्रात ठशांची दुसरी ओळ होती. दुपारी दुसरं पिल्लू सापडलं. तेही गेलेलं.

"माझ्यामुळे गं," ती माझ्या गळ्यात पडून रडली. "माझ्या हातात फोन होता!"

चित्र देणार नाही, असं तिने बिल्डरला कळवलं. गजाला मात्र सगळं सांगितलं.

"ताई, कापणीच्या टायमाला आमी तीन पिल्लं बघितलेली."

तेव्हापासून दोघं रान पालथं घालतायत. दुधाशिवाय इतके दिवस पिल्लू टिकत नाही, असं फॉरेस्टवाले म्हणतात.

पण ठशांची तिसरी ओळ काही उमटली नाही.

परवा ऋजुताने मला बोलावून घेतलं. मी चित्र बघितलं. ठशांच्या दोन ओळी तशाच होत्या. मधोमध कागद कोरा...

मादी नव्हती.

"शोधायला गेली असेल," ऋजुता हळूच म्हणाली. "चित्रात परत यायला नको गं ती. आली, तर तिसरं पिल्लूही घेऊनच येईल."