मायच्या खोलीतला टीव्ही

टीव्ही घ्यायला गेलेली माणसं दुकानात उभी राहून बघतात. राजदीप यवतमाळच्या त्या दुकानात शिरला आणि सरळ फरशीवर उताणा पडला. दोन-चार गिऱ्हाइकं वळून बघायला लागली, काउंटरवरच्या पोरीने ओठ दाबून हसू आवरलं. त्याला कसलीच पर्वा नव्हती. त्याची माय, सत्यभामा, अर्धांगवायू झाल्यापासून पलंगाला खिळली होती. टीव्ही ती पाहणार निजूनच. मग निजलेल्या माणसाला कोणता नीट दिसतो हे निजल्याशिवाय कसं कळणार, असा त्याचा साधा हिशेब.

आणि तो बरोबरच निघाला. स्वस्तातले बरेचसे टीव्ही समोरून झकास दिसत, पण खालून पाहिलं की चित्र काळवंडायचं. कडेला लावलेला एक बत्तीस इंची, फारसं नाव नसलेल्या कंपनीचा, तेवढा खालूनही स्वच्छ होता. "हाच द्या," तो पडल्या पडल्याच म्हणाला.

राजदीप लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका सूतगिरणीत कामाला होता. घरही तिथून जवळच, दोन खोल्यांचं. बायको पायल शहरात कापडाच्या दुकानात जायची. सकाळी दोघं बाहेर पडली की संध्याकाळपर्यंत माय एकटी. शेजारीण येऊन पाणी पाजायची, जेवू घालायची, आणि आपल्या कामाला निघून जायची. तो चपला घालायला लागला की माय रोज विचारायची, "आता कोण येईन?" जीभ जड झालेली, शब्द ओढत ओढत यायचे. त्या एका प्रश्नाने त्याचा दिवस नासायचा. मायला सोबत हवी होती, आणि ती त्याच्याच्याने देववत नव्हती. टीव्ही आणला तो एवढ्यासाठी.

पलंगाच्या कडेच्या भिंतीवर बुद्ध-बाबासाहेबांची तसबीर होती, ती हलवायची नाही हे मायने आधीच बजावलं. म्हणून पायथ्याशी टेबल ठेवून त्यावर टीव्ही बसवला. चालू झाला तेव्हा मायच्या अर्ध्या चेहऱ्यावर हसू पसरलं. ते बघून राजदीपला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी तो गिरणीत शीळ घालत होता.

पुढचे काही दिवस "कोण येईन" कोणी विचारलं नाही. मग एका सकाळी माय म्हणाली, "राजदीप, टीव्ही जरा वर ठेव. डोकं मधी येते."

"कोणाचं डोकं?"

"खाली बसला हाय ना तो... त्याचं."

टेबलापुढची फरशी रिकामी होती. उन्हाचा एक पट्टा तिच्यावर पडला होता. राजदीप हसला, पण हसू त्याच्याच कानाला बरं वाटलं नाही. पायलने डॉक्टरांना विचारून घेतलं. अर्धांगवायू झालेल्या काहींना नजरेतला एखादा भाग दिसेनासा होतो, तिथे काळं दिसतं, असं ते म्हणाले. दोघांचा जीव भांड्यात पडला. तरी मायचं मन राखायला राजदीपने फिटिंगवाल्या भावसिंगला बोलावलं.

भावसिंगने भिंतीला भोकं पाडली, पत्र्याचं स्टँड ठोकलं. राजदीप मायच्या शेजारी आडवा होऊन "अजून वर... जरा खाली वाकव" असं सांगत राहिला. टीव्ही माणसाच्या छातीइतका उंच गेला आणि पुढे झुकला. "आता वरतून मुंगी बी आडवी येत नाही, भाऊ," भावसिंग म्हणाला. मायही खूश दिसली.

संध्याकाळी राजदीप कामावरून आला तेव्हा खोलीत कसलातरी वास होता. भिजलेल्या राखेचा असतो तसा. भोकं पाडल्याची धूळ असेल म्हणून त्याने खिडकी उघडली. मायची नजर टीव्हीवर नव्हती. टीव्हीच्या खाली होती.

"उभा राह्यला," ती म्हणाली.

"माय..."

"तू वर लावला, तर तो उभा राह्यला. त्याले बी पाहाचं हाय ना." ती सावकाश बोलत होती. "पाठ दिसते फक्त. तोंड कुठी दाखवते."

डोळ्यांचा दोष उठून उभा राहत नाही, एवढं राजदीपला डॉक्टरला न विचारताही कळत होतं. आणलाच नसता हा टीव्ही, असं त्याच्या मनात आलं, आणि तो बटण बंद करायला पुढे झाला. मायने चांगल्या हाताने त्याचं मनगट पकडलं. त्या हातात इतका जोर उरला असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"बंद नोको करू."

"काहून?"

"चालू हाय तवर तो तिकडं पाहते. दुपारी लाइट गेलती... तो वळू लागला. पुरता वळायच्या आंधी लाइट आली, म्हणून बरं."

तेव्हापासून त्या घरात टीव्ही बंद झाला नाही. राजदीपने जुना इन्व्हर्टर आणून जोडला. दिवसरात्र बारीक आवाजात बातम्या, मालिका, सामने चालू. पायलला झोप येईना. "आईंना पुढच्या खोलीत आणू," ती म्हणाली. आणलं. माय तिथे दाराकडे बघत राहिली आणि थोड्याच वेळात म्हणाली, "मले तिकडंच न्या. तो बी इकडं येऊन राह्यला." पायलने तिला उचलून परत नेताना आपल्या सासूचं काळीज पक्ष्यासारखं धडधडताना ऐकलं, आणि त्यानंतर तिने टीव्हीबद्दल चकार शब्द काढला नाही.

राजदीप आतून कुरतडला जात होता. मायला सोबत मिळावी म्हणून त्याने हे आणलं आणि नको ती सोबत तिच्या पायथ्याशी येऊन बसली. रोज कामावर जाताना मायला त्या सोबतीच्या हवाली करून जावं लागत होतं.

मग एके दिवशी भर दुपारी गिरणीतली यंत्रं एकदम थांबली. कानठळ्या बसवणारा आवाज गेला की माणसाला आपलाच श्वास ऐकू येतो, तसं झालं. मुकादम म्हणाला, "पूर्ण लाइनच बंद हाय. टाइम लागन." बाकीचे तंबाखू मळायला बसले. राजदीप गाडीला किक मारत होता. इन्व्हर्टरची बॅटरी जुनी होती. ती किती वेळ दम धरेल याचा भरवसा नव्हता.

घरी पोचला तर दार नुसतं लोटलेलं. आतून इन्व्हर्टरची शिट्टी येत होती, बॅटरी संपत आल्यावर वाजते तशी. तो उंबऱ्यात पोचेपर्यंत तीही थांबली. खोलीत ऊन होतं, भिंतीवरची पाल होती, आणि तो राखेचा वास इतका दाट होता की घशात बसला. टीव्ही काळा पडला होता.

माय जागी होती. तिचे डोळे पलंगाच्या पायथ्याशी खिळलेले.

"माय."

"वळला," ती म्हणाली. ओठ क्षणभर तसेच उघडे राहिले. "पुरता... वळला."

राजदीपला काहीच दिसत नव्हतं. पण मायच्या चेहऱ्यावर जे होतं ते त्याला दिसत होतं, आणि ते बघणं त्याला सहन होईना. तो पुढे गेला. टीव्ही आणि पलंग यांच्या मधल्या रिकाम्या जागेत, मायकडे पाठ करून उभा राहिला. त्या जागेत गारवा होता, माठाच्या मागे असतो तसा.

"माह्या मायकडं पाहू नोको," तो हळूच म्हणाला. "पाहाचंच असन तर मले पाहा."

बराच वेळ काही झालं नाही. बाहेर कुणीतरी भाजीची गाडी ढकलत नेली. मग कट्ट असा आवाज झाला, पंखा फिरायला लागला, टीव्हीवर उजेड आला आणि खेळाडू हिरव्या मैदानावर धावू लागले. लाइट आली होती.

"आता तिकडं वळला काय, माय?"

माय डोळे बारीक करून टीव्हीकडे बघू लागली. तो स्वयंपाकघरात गेला, माठातून गडू भरला, उभ्याउभ्या घटाघटा प्यायला. खोलीतून मायचा आवाज आला.

"राजदीप... आता समदा टीव्ही दिसते."

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. त्याचा जीव हलका झाला, एखाद्या क्षणापुरताच. मग राखेचा वास त्याला तिथे, माठापाशी आला. मानेला गारवा लागला. गडू त्याने खाली ठेवला, तो आवाज न होऊ देता.

तो परत खोलीच्या उंबऱ्यात आला. मायने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या डाव्या खांद्याच्या वर पाहिलं, आणि तिचा चेहरा पांढराफटक झाला. आजारपणात, बाप गेला तेव्हाही, त्याने तिचा असा चेहरा पाहिला नव्हता. त्याला वाटलं आता ती किंचाळेल.

तिने डोळे मिटले. एक खोल श्वास घेतला. डोळे उघडले तेव्हा ती हसत होती, त्या अर्ध्या ओठांनी. लग्नकार्यात पाहुण्यांना आत बोलावताना तिचा जो आवाज लागायचा, तो तिने कुठूनतरी गोळा केला.

"या ना," ती म्हणाली. त्याच्या खांद्यावरून. "तिकडं काय हाय? पोरगा थकून आला, त्याच्यापाशी काही नाही. इकडं या. चालू झाला टीव्ही."

"माय, नोको..."

"तू गप राह्य." हे मात्र त्याला होतं. मग पुन्हा त्याच आर्जवी सुरात, "या. उभे कायले राह्यता? इथं बसा, माह्यापाशी. दोघं पाहू."

तिची नजर त्याच्या खांद्यावरून निघाली. हळूहळू फरशीवरून, पंख्याच्या सावलीतून, पायथ्याशी आली. तिथे थांबली. मग अजून पुढे सरकली, जिथे ती आजवर कधी सरकली नव्हती. राजदीपच्या मानेवरचा गारवा गेला. तो पुढे धावणार होता, पण मायने चांगला हात वर करून त्याला उंबऱ्यातच थोपवलं.

"जाय, पायलले घेऊन ये," ती टीव्हीकडे बघत म्हणाली. "दार लावून घेजो. अन् घाई नोको करू बाप्पा. मी एकटी नाही."

तिच्या कमरेशी पलंगाची चादर ताणली गेली. आणि गादी, माणूस बसल्यावर बसते तशी, सावकाश खाली बसली.