भंगारातला रेग्युलेटर

विश्वास ठेवा, नका ठेवू. पण त्या दिवशी गाडीवर मागे मी स्वतः बसले होते.

डिसेंबर २००७. गुरुवार. संध्याकाळचे सात.

माझ्या भावाची, दीपेशदादाची, वीस वर्षं जुनी मोटरसायकल होती. जरा रेस केली की बल्ब उडायचा. बॅटरीचं पाणी उकळायचं. आम्ही राहतो मानकोलीला. मोठमोठे ट्रेलर धावणाऱ्या त्या रस्त्यावर बिनलाइटचं येणं म्हणजे मरणच.

नारपोलीच्या गॅरेजवाल्या चांगदेवकाकांनी गाडी तपासली.

"रेग्युलेटर गेलाय. बॅटरीत करंट बेफाम जातोय."

त्यांनी रेग्युलेटरच्या दोन डब्या पुढे ठेवल्या. एक नवी. दुसरी भंगारातून आलेली... काळी, जड.

"नवा घे दीपेश. वायरी बदलून देतो. ह्यो कुनाच्या गाडीचा, मला ठाव न्हाय."

"पन ह्यो ओरिजिनल हाय ना काका? सरळ बसंल. लावून बघा."

लावला. मीटरवर बरोबर चौदा व्होल्ट. रेस वाढवली तरी काटा जरासुद्धा हलला नाही.

दादा खूश!

अंजूरफाटा सोडला आणि लोडशेडिंग झालं. रस्ता काळाकुट्ट. रस्त्याकडच्या पॉवरलूमची खटखट एकदम थांबली.

मग लक्षात आलं...

आमच्या इंजिनाचाही आवाज येत नव्हता.

गाडी मात्र पळत होती.

"ऋतिका, खांदा सोड. दुखतोय."

माझे दोन्ही हात मांडीवरच्या पिशवीवर होते.

"दादा... मी न्हाय धरला."

त्यानं करकचून ब्रेक मारला. चावी काढली.

हेडलाइट चालूच.

सीट उचलून बॅटरीची वायर उपटली...

तरी चालूच.

मग हँडल हळूहळू डावीकडे वळलं. आपोआप. उजेड रस्ता सोडून बाजूच्या खाऱ्या दलदलीत, खाजणात गेला.

दादानं तिकडं पाहिलं. माझं डोकं छातीशी दाबून धरलं.

"बघू नको. डोळं मीट!"

मी मिटले. किती वेळ, माहीत नाही. उघडले तेव्हा सगळीकडे अंधार होता. आम्ही घरापर्यंत गाडी ढकलत नेली.

सकाळी चांगदेवकाकांनी रेग्युलेटर काढला. मीटर लावला. पुन्हा लावला.

"ह्यो आतून जळलाय. वर्सं झाली असतील."

"काका, काल तुम्हीच मोजला ना?" दादानं विचारलं.

त्यांनी मीटर खाली ठेवला. नवा बसवला.

दादाला आता दोन मुलं आहेत. परवा जेवताना मी पुन्हा विचारलं, "खाजणात काय होतं रे?"

त्यानं हातातला घास ताटात ठेवला.

"त्यानं तुझं नाव विचारलं होतं," एवढंच म्हणाला...

आणि उठून गेला.

दादानं त्याला माझं नाव सांगितलं का, हे विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.